पाढे, मणी आणि चिंचोके

या शनिवार-रविवारचा विषय अगदी शाळकरी आहे. गुणाकार. तोही लांबलचक आकड्यांचा नव्हे, साधा पाढ्यांतला, दहा दाहे शंभरपर्यंतचा. मोठ्या माणसांना तो इतका सवयीचा झालेला असतो की त्यात शिकवण्यासारखं काही असतं हेच आपण विसरून जातो. पण हाच गुणाकार सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कसा उतरवायचा, यासाठी भल्याभल्यांनी डोकं चालवलं आहे. कुणी रेघांचे तक्ते काढले, कुणी मणी ओवले, कुणी रंगीत ठोकळे कापले. आणि आपल्याकडे बोर्डीच्या किनाऱ्यावर दोन बायकांनी शंख-शिंपले आणि बियांवर काम भागवलं. गेले काही आठवडे मी हाच इतिहास वाचत होतो आणि (सॉफ्टवेअरवाल्यांची खोड म्हणा) त्यातल्या वस्तूंची वर्गवारी करत होतो.

वर्गवारी सोपी आहे. गुणाकाराची हाताळायची साधनं दोन प्रकारची असतात. काही साधनं उत्तर देतात आणि काही साधनं उत्तर दाखवतात. 'देतात' म्हणजे तुम्ही विचारा, ते सांगतील, का ते विचारू नका. 'दाखवतात' म्हणजे उत्तर तुमच्यासमोर टेबलावर पसरलेलं असतं, आणि ते तेवढंच का, हेही तिथंच दिसत असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिलं म्हणजे लुकअप टेबल, दुसरं म्हणजे प्रोग्रॅमचा सोर्स कोड. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

काठ्या ज्या उत्तर देत

उत्तर देणाऱ्या साधनांचा राजा म्हणजे नेपिअरच्या काठ्या. जॉन नेपिअर हा एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार. लॉगॅरिदमचा शोध याचाच, साल १६१४. तीन वर्षांनी, १६१७ मध्ये, त्याने 'रॅब्डोलॉजिए' नावाचं छोटं पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी तो वारला. या पुस्तकात त्याने चौकोनी काठ्यांनी गुणाकार करायची युक्ती सांगितली. काठ्या हस्तिदंताच्याही करत, म्हणून पुढे त्यांना नेपिअरची हाडं असं नाव पडलं.

युक्ती अशी. प्रत्येक काठीवर एका अंकाचा पाढा वरून खाली कोरलेला. प्रत्येक घरात एक तिरकी रेघ, रेघेच्या वर दशक, खाली एकक. समजा ४२५ ला ६ ने गुणायचं आहे. चार, दोन आणि पाच या अंकांच्या काठ्या शेजारी शेजारी लावायच्या आणि सहावी ओळ वाचायची. तिथं २४, १२ आणि ३० असं दिसतं. आता तिरक्या पट्ट्यांतले अंक मिळवायचे: पहिला २, मग ४ अधिक १ म्हणजे ५, मग २ अधिक ३ म्हणजे ५, शेवटी ०. उत्तर २५५०. पाढा येत नसला तरी चालतं, बेरीज आली की झालं.

ही तिरक्या रेघांची जाळी नेपिअरच्या डोक्यातून आलेली नाही. इटलीत १४७८ साली त्रेव्हिझो गावी छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकात ती आहे, आणि अरबी गणितातही आहे. आपल्याकडे गणेश दैवज्ञाने सोळाव्या शतकात 'लीलावती'वर जी टीका लिहिली तिच्यातही आहे. हा गणेश दैवज्ञ म्हणजे 'ग्रहलाघव' लिहिणारा, कोकणातल्या नांदगावचा. नेपिअरने काय केलं तर कागदावरची जाळी उभी कापून तिच्या काठ्या बनवल्या. हे काम छोटं वाटतं, पण त्यामुळे एक गोष्ट शक्य झाली: एकदा कोरलेला पाढा पुन्हापुन्हा वापरता येऊ लागला.

आता कुणी म्हणेल, मोठ्या माणसांना पाढ्यासाठी काठ्या कशाला? तर सॅम्युअल पेप्स नावाचे इंग्रज गृहस्थ आठवा, ज्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. केंब्रिजचे पदवीधर, आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. १६६२ च्या जुलैमध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, हे गृहस्थ एका जहाजावरच्या खलाशी अधिकाऱ्याकडून गुणाकाराचे पाढे शिकत होते आणि पहाटे चारला उठून ते घोकत होते! लाकूड आणि दोरखंडाच्या खरेदीत कंत्राटदार फसवू नयेत म्हणून हिशेब यायला हवा, ही गरज. तेव्हाच्या इंग्लंडात शिकल्यासवरल्या माणसाला पाढे येतीलच असं नव्हतं. अशा जगात उत्तर देणारी काठी म्हणजे चैन नव्हती.

पण मुलाला गुणाकार शिकवायला या काठ्यांचा उपयोग किती? माझ्या मते फारच थोडा. सहाची ओळ वाचली की २४ दिसतात, पण ते २४ म्हणजे चार-चारचे सहा ढीग, हे काठीवर कुठेच दिसत नाही. काठी खरं बोलते, पण कारण सांगत नाही.

पंतोजींची बिनवस्तूची काठी

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत तर काठी फक्त छडीच्या रूपात असायची. लुकअप टेबल थेट मुलाच्या डोक्यात कोरलं जायचं. धुळपाटीवर अंक गिरवायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात परवचा म्हणायचा. तीसपर्यंतचे पाढे झाले की पुढे अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावं लागतं.

आजच्या मुलांना हा छळ वाटेल, पण त्यामागे चोख व्यवहार होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे पावशेर, अच्छेर. दुकानात बसलेल्या माणसाला क्षणात 'सातची दीडपट साडेदहा' म्हणता यायला हवं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि पावकी-दिडकीचं व्यवहारातलं कारणच संपलं. माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत ते तोंडपाठ होतं. माझ्या पिढीने अंकलिपीच्या मागच्या पानांवर ते नुसतं पाहिलं.

या पद्धतीची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. चालीवर म्हटलेलं साठ वर्षांनीही आठवतं. पण तिच्यात एक भोक आहे. पाढ्याच्या चालीत 'सात आठे छप्पन्न' सातच्या पाढ्यात येतं आणि 'आठ साते छप्पन्न' आठच्या पाढ्यात. दोन वेगळ्या दिवशी पाठ केलेल्या दोन वेगळ्या ओळी. त्या दोन्ही एकच गोष्ट सांगतात, हे चाल सांगत नाही. आणि समजा मधेच विसरलं, तर मूल काय करतं? पुन्हा सात एके सातपासून सुरुवात करतं. मधून आत शिरायला दार नाही.

गंमत म्हणजे हे दार आपल्याच गणितात आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी उघडलेलं होतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (साल ११५०) १३५ गुणिले १२ असं उदाहरण आहे, आणि ते एकाच रीतीने सोडवून ग्रंथ पुढे जात नाही. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करा, दोन्हींनी गुणा आणि मिळवा: १०८० अधिक ५४०. किंवा दहा आणि दोन करा: १३५० अधिक २७०. किंवा आधी चारने गुणा, मग तीनने. किंवा वीसने गुणा आणि आठपट वजा करा: २७०० उणे १०८०. प्रत्येक वेळी उत्तर १६२०. म्हणजे एका गुणाकाराला चार दारं! जाणकारांच्या ग्रंथात ही समज होती, परवच्यात मात्र ती उतरली नाही.

रेघा, तारा आणि मणी

उत्तर दाखवायला हवं, असा पद्धतशीर आग्रह युरोपात धरला तो योहान हाइनरिश पेस्टालोत्सी (१७४६-१८२७) या स्विस शिक्षकाने. आधी बुर्गडॉर्फ आणि मग १८०५ पासून इव्हर्दों इथं त्याच्या शाळा होत्या. त्याचं म्हणणं असं की शब्दाच्या आधी वस्तू यायला हवी. मुलाने पाहिलं, हाताळलं, आणि मग नाव दिलं, हा क्रम. सुरुवातीला खडे, वाटाणे असलं काहीही, आणि त्यानंतर त्याचा प्रसिद्ध एककांचा तक्ता: पहिल्या ओळीतल्या प्रत्येक चौकोनात एक रेघ, दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक चौकोनात दोन रेघा, तिसरीत तीन, असं. तिसऱ्या ओळीत बोट फिरवत पाच चौकोन गेलात की तीन पंचे पंधरा तुमच्या डोळ्यांसमोर, मोजून घ्या. वॉरन कोलबर्नने १८२१ मध्ये बॉस्टनला याच धर्तीवर अंकगणिताचं पुस्तक काढलं आणि ही कल्पना अमेरिकेत गेली.

त्याच काळात मण्यांची चौकटही शाळेत आली. तिची कथा मोठी नवलाची आहे. झां-व्हिक्टर पोंस्ले हा फ्रेंच इंजिनिअर नेपोलियनच्या सैन्यातून १८१२ साली रशियावर चालून गेला, पकडला गेला आणि सारातोव्हला कैदेत पडला. कैदेत त्याने भूमितीतलं मोलाचं काम केलं हे गणितवाल्यांना ठाऊक असतं. पण १८१४ मध्ये सुटल्यावर त्याने रशियन लोकांची तारेवरच्या मण्यांची पाटीही आपल्या मेत्झ गावच्या शाळांत रूढ केली. इंग्लंडमध्ये सॅम्युअल वाइल्डरस्पिनने शिशुशाळांसाठी बारा तारा आणि १४४ मण्यांची चौकट केली. १४४ का? तर इंग्रजांचा पाढा बारा बारेपर्यंत. आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात मिळणारी दहा तारांची मणीचौकट याच घराण्यातली.

पण पेस्टालोत्सीच्या बाबतीतच एक गोष्ट घडली, जी पुढे पुन्हापुन्हा घडणार होती. तक्ता सगळीकडे गेला, पण त्यामागचं 'आधी पाहा, मग बोला' मागे राहिलं. शिक्षक तक्त्यावर छडी ठेवायचा आणि वर्ग एका सुरात म्हणायचा: तीन वेळा एक, तीन वेळा दोन... म्हणजे परवचाच, फक्त भिंतीवर चित्र टांगून.

रोमहून अड्यारला, व्हाया अहमदनगर

उत्तर दाखवणारी सगळ्यात सुरेख वस्तू मला विचाराल तर मारिया मॉन्टेसरीबाईंची. त्या डॉक्टर. मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची साधनं वापरली, आणि ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. पुढच्या काळात त्यांचं गणिताचं साहित्य तयार होत गेलं. १९३४ मध्ये बार्सिलोनाला त्यावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथच निघाला.

मण्यांचं साहित्य असं आहे. तारेत ओवलेल्या मण्यांच्या दांड्या. दोनची हिरवी, तीनची गुलाबी, चारची पिवळी, सातची पांढरी, आठची तपकिरी, दहाची सोनेरी. दांडीतले मणी सुटे होत नाहीत, त्यामुळे 'सात' ही एकच वस्तू म्हणून हातात येते, आणि तरी त्यातले सात मोजताही येतात. आता सातच्या आठ पांढऱ्या दांड्या शेजारी शेजारी ठेवा. एक आयत तयार होतो. त्याच्या बाजूला आठच्या सात तपकिरी दांड्या ठेवा. पुन्हा आयत. एक उचलून दुसऱ्याला आडवा लावला की दोन्ही तंतोतंत एक! परवच्याने जे दोन वेगळ्या दिवशी शिकवलं, ते इथं एका झटक्यात एक होतं.

आणि सातच्या सात दांड्या साखळीने जोडलेल्या असतील तर साखळी घडी घालून चक्क चौरस होतो. ४९ ला आपण सातचा 'वर्ग' म्हणतो, आणि शाळेत आपल्याला वर्ग म्हणजे तोच आकडा दोनदा गुणायचा एवढंच कळतं. पण आर्यभटाने ४९९ साली वर्गाची व्याख्या करताना समभुज चौरस आणि दोन समान संख्यांचा गुणाकार असे दोन्ही अर्थ एकत्र सांगितले होते. शब्द आपल्याकडे राहिला, चौरस हरवला. मॉन्टेसरीबाईंची साखळी तो परत आणून देते.

शिवाय एक गुणाकाराची पाटी आहे: शंभर खळगे, शंभर लाल मणी. डाव्या खाचेत ज्या संख्येचा पाढा करायचा तिचं कार्ड, वर सरकणारी एक सोंगटी. सोंगटी एकवर असताना सात मणी लावायचे, दोनवर सरकवली की आणखी सात, आणि दर वेळी उत्तर कागदावर लिहायचं. म्हणजे मूल पाढा पाठ करत नाही, पाढा तयार करतं. पाठांतर होतं, पण नंतर, आणि स्वतःच्या हाताने केलेल्या कागदावरून.

या बाई भारतात आल्या नोव्हेंबर १९३९ मध्ये, मद्रासच्या अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून. बेत काही महिन्यांचा होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि आई-मुलगा दोघंही ब्रिटिशांच्या लेखी शत्रुदेशाचे नागरिक ठरले. मुलगा मारिओ याला तेव्हाच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत नजरकैदेत ठेवलं आणि बाईंवर अड्यार न सोडण्याचं बंधन आलं. ३१ ऑगस्ट १९४० ला त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मारिओची सुटका झाली. मग अड्यार, कोडाईकनाल असं करत त्या १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, आणि पुन्हा आल्या. शेकडो भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. आपल्याकडच्या 'मॉन्टेसरी' या शब्दाला एवढं वजन आलं त्यात या सक्तीच्या मुक्कामाचा वाटा मोठा आहे.

बोर्डीचा किनारा

पण मॉन्टेसरीच्या साहित्यात एक अडचण होती: किंमत. पॉलिश केलेलं लाकूड, एकसारखे काचेचे मणी, नेमक्या मापाच्या पेट्या. शहरातल्या शाळेलाही जड, तर खेड्याचं काय?

हा प्रश्न ताराबाई मोडकांनी (१८९२-१९७३) अंगावर घेतला. मॉन्टेसरीबाई भारतात पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, गिजुभाई बधेकांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं होतं. ताराबाई तिथं त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ ला ताराबाई बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. मुलं वारली आणि इतर आदिवासी पाड्यांवरची. पाटी नाही, अंगावर धड कपडे नाहीत, आणि थोडं मोठं झालेलं मूल गुरं चारायला जाणार. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

साहित्य? किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, खडे, झाडाची पानं, बिया. मला या गोष्टीचं महत्त्व वाचता वाचता उमगलं. ताराबाईंनी मॉन्टेसरीची स्वस्त नक्कल केली असं नव्हे. त्या साहित्यातली नेमकी कल्पना कोणती आणि नुसती पेटी कोणती, हे त्यांनी ओळखलं. सुतारकामाशिवाय जे उरतं ती कल्पना. गुणाकारापुरतं बोलायचं तर उरतो तो आयत: सारख्या लांबीच्या ओळी, एकीखाली एक. त्यासाठी खडे पुरतात.

आमच्या घरी हे करून पाहिलं. भाची दुसरीत आहे, सातच्या पाढ्यात अडखळत होती. चिंचोके घेऊन सातच्या आठ ओळी मांडल्या. म्हटलं, "मोजू नकोस. पाच ओळी किती होतात?"

"पस्तीस. पाचचा येतो मला."

"आणि उरलेल्या?"

"तीन ओळी... एकवीस. छप्पन्न!" मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि म्हणाली, "मामा, इकडून बघितलं तर हे आठ साते आहेत."

भास्कराचार्यांची पहिली रीत आणि मॉन्टेसरीबाईंचे दोन आयत, दोन्ही पाच मिनिटांत, चिंचोक्यांवर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मांडणीच तसं सांगत होती.

रंगीत ठोकळ्यांची लाट

युरोपात याच सुमारास दुसरी लाट आली. बेल्जियममधल्या थ्वां गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर (१८९१-१९७५) हे संगीताचेही शिक्षक. त्यांनी लाकडी कांड्या कापल्या, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, आणि त्या रंगवल्या. रंगांत विचार होता: दोन, चार, आठ लाल घराण्यातले; तीन, सहा, नऊ हिरव्या-निळ्या घराण्यातले; सात एकटी काळी, कारण दहाच्या आत तिचं नातेवाईक कुणी नाही. कांड्यांवर आकडे मात्र नाहीत. १९५२ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली, १९५३ मध्ये अलेक्झांड्रियात जन्मलेले गणिती कॅलेब गातेन्यो यांनी तो वर्ग पाहिला आणि आयुष्यातली पुढची वर्षं त्या कांड्यांच्या प्रचाराला दिली. पाठोपाठ हंगेरीत जन्मलेल्या झोल्तान दिएनेश यांचे ठोकळे आले. त्यांत दहाबरोबर दोन, तीन, चार या पायांचेही संच होते (आम्हा द्विमानवाल्यांना आनंदच). त्यांचा मुद्दा महत्त्वाचा: एकाच वस्तूवर भरवसा ठेवू नका. तीच कल्पना तीन-चार वेगळ्या वस्तूंतून दिसली, तर मूल वस्तू सोडून कल्पना उचलतं.

१९६० च्या दशकात कांड्या अनेक देशांत गेल्या, आणि मग बऱ्याच ठिकाणी कपाटात गेल्या. का? पुन्हा पेस्टालोत्सीच्या तक्त्याचीच गोष्ट. खोकं शाळेत पोचलं, पण त्याचं काय करायचं हे पोचलं नाही. काळी म्हणजे सात, तपकिरी म्हणजे आठ, हे पाठ करायचं आणखी एक टेबल झालं!

डेबोरा बॉल या अमेरिकन शिक्षिका आणि संशोधक. त्यांनी १९९२ च्या एका लेखात हे नेमकं पकडलं. मोठ्या माणसाला वस्तूत गणित दिसतं, कारण ते त्याच्या डोक्यात आधीच असतं. मुलाला वस्तूत वस्तू दिसते. बोटांनी हाताळलं म्हणजे समज आपोआप हातातून डोक्यात चढते, अशी आशा ठेवणं ही जादूची आशा झाली. पुढे २०१३ मध्ये ५५ अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्षही याला धरूनच होता: वस्तूंचा फायदा होतो, पण किती होतो हे शिक्षक त्या कशा वापरतो यावर फार अवलंबून.

मग पाठ करायचं की नाही?

या प्रश्नावर घराघरात दोन पक्ष असतात. आजी-आजोबा म्हणतात पाढे पाठ हवेतच. आई-बाबा म्हणतात समजलं की बास, बाकीला कॅल्क्युलेटर आहे. मला इतिहास वाचून वाटतं की दोघंही अर्धे बरोबर आहेत.

कॉम्प्युटरमध्ये कॅश नावाची चीज असते. वारंवार लागणारी उत्तरं जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत ठेवायची. पाढा म्हणजे डोक्यातली कॅश. ती हवीच, प्रत्येक वेळी चिंचोके मांडत बसलो तर भागाकार कधी येणार, अपूर्णांक कधी येणार? पण कॅशमध्ये उत्तर सापडलं नाही तर मशीन थांबून बसत नाही, मूळ जागी जाऊन आणतं. नुसता परवचा शिकलेल्या मुलाला मूळ जागाच नसते. सात आठे आठवलं नाही की सगळं संपलं, आणि फळ्यासमोर उभं राहून रडू यायला लागतं. 'मला गणित येत नाही' हे वाक्य बहुतेक इथंच जन्माला येतं, आठव्या-नवव्या वर्षी, आणि मग आयुष्यभर सोबत राहतं. साधनांच्या या सगळ्या खटाटोपात खरं पणाला लागलेलं आहे ते हे.

म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मांडणी, मग तिचं चित्र (चौकटीच्या वहीत आठ ओळी, सात घरं), मग आकडे, आणि शेवटी चाल लावून पाठांतर. साधन हे इमारतीला लावलेल्या परांचीसारखं आहे. भिंत चढेपर्यंत हवं, भिंत उभी राहिली की काढायला हवं. पाचवीतलं मूल अजून मणी मोजत असेल तर काहीतरी चुकलंय. आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला मणी न दाखवताच पाढा म्हणायला लावला असेल, तर तेही तितकंच चुकलंय.

आणि खर्चाचं म्हणाल, तर बाजारात आज गुणाकाराचे डझनभर संच मिळतात, टॅब्लेटवरचे वेगळेच. त्यांतले बरेचसे नेपिअरच्या काठीचे वंशज आहेत: बटण दाबा, उत्तर घ्या, टाळ्यांचा आवाज ऐका. विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारून पाहा: हे उत्तर देतं की दाखवतं? दाखवत नसेल तर राहू द्या. स्वयंपाकघरात चिंचोके असतीलच, नसतील तर राजमा आहे. सातच्या आठ ओळी मांडायला तेवढं पुरतं.